बंद झालेल्या गाडीची पाटी

जाहीर केल्याशिवाय या जगात काहीही घडत नाही, यावर आमच्या शेजारच्या काकांचा जितका विश्वास आहे तितका माझा कशावरच नाही. काका धाराशिवच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली अजून यायची आहे, हे काचेच्या खोलीत बसून माइकवरून सांगणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माइक तिथंच राहिला आणि आवाज घरी आला. नळाला पाणी आलं की काका गच्चीत येतात, मूठ तोंडासमोर धरतात, तीत फुंकर मारून पाहतात आणि "नागरिकांनी लक्ष द्यावं" अशी सुरुवात करून पाणी किती वेळ टिकेल याचा अंदाज देतात. घंटागाडी, भाजीवाला, गॅसचं सिलिंडर, कुणाकडे आलेले पाहुणे, यातलं काहीही सुटत नाही. मला बघायला आलेली मंडळी गल्लीच्या तोंडाशी उतरत होती, तेव्हा "सोलापूरहून येणारे पाहुणे दाखल झाले आहेत, यजमानांनी दार उघडावं" असं वरून ऐकू आलं. मुलाची आई इतकी दचकली की घरात आल्यावर तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. काकांचे हे उपकार मी विसरलेले नाही.

काकू गेल्यापासून ते एकटे राहतात आणि स्वयंपाक स्वतः करतात. घरातली भाषाही स्थानकाचीच. चहा "लागतोय" म्हणाले की पाणी नुकतंच ठेवलंय असं समजायचं, "लागला" म्हणाले की उठून घ्यायचा. लग्नाच्या पंगतीत ते जेवायला बसत नाहीत. टोकाला उभं राहून कुठं किती जागा रिकाम्या आहेत ते सांगतात, आणि लोक निमूटपणे त्या त्या जागी जाऊन बसतात. त्यांचं एकच कायमचं भांडण आहे, समोरच्या काकूंशी. या काकूंचं माहेर भूमचं. दुपारी जेवणानंतर त्यांचा डोळा लागतो आणि काकांची भंगारवाल्याची घोषणा नेमकी त्याच वेळी असते. "अहो, गाड्या बंद झाल्या तुमच्या, आता तोंड कवा बंद व्हनार?" असं त्या खिडकीतून विचारतात. "आपली तक्रार घेण्यात आली आहे," असं काका मुठीतून सांगतात. ही तक्रार माझ्या शाळेच्या दिवसांपासून घेण्यात येत आहे.

आमच्या कॉलनीच्या मधोमध बाग आहे. बाग म्हणजे एक घसरगुंडी, काही बाक आणि जुने, घेरदार कडुलिंब. निवृत्त होताना काकांनी भंगारात निघालेल्या पत्र्याच्या पाट्या साहेबांना विचारून घरी आणल्या होत्या, बसच्या पुढच्या काचेत लावायच्या त्या. एका सकाळी त्यांनी त्या काथ्यानं लिंबांना बांधून टाकल्या. भूम, ढोकी, नळदुर्ग, तुळजापूर. खिळे मारले नाहीत, कारण प्रवाशांना इजा होता कामा नये. प्रवासी कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. पण पुढं झालं असं, की कॉलनीचा सगळा व्यवहार त्या पाट्यांवर चालू लागला. आया मुलांना ढोकीच्या पुढं जायचं नाही असं बजावू लागल्या. म्हाताऱ्यांचे चष्मे नळदुर्गाला राहू लागले. समोरच्या काकू रोज संध्याकाळी बागेच्या भिंतीच्या एका टोकाला, भूमखाली बसू लागल्या आणि तिथं दुसरं कुणी बसलं तर उभ्या राहून खाकरू लागल्या.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाच्या लिंबावर जी पाटी होती, तिचा रंग मात्र पार उडालेला. एकही अक्षर लागत नसे. ही कुठली, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "ती गाडी बंद झाली." पुढं कधीतरी बाबांकडून कळलं, की काकांचं गाव तलावात गेलं, शेतही गेलं, आणि गाव नाही म्हटल्यावर तिकडं जाणारी एसटीही बंद झाली.

आता येळवशीबद्दल सांगायला हवं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या जिल्ह्यात गावं रिकामी होतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपट, उभी करून शेतात पूजा करायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील पोटभर खायची, आणि ज्यांना शेत नाही त्यांना आग्रहानं आपल्या शेतात न्यायचं. त्या दिवशी आमच्या कॉलनीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. काकांना दरवर्षी सगळ्यांचं बोलावणं असतं. ते आनंदानं मान डोलावतात आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगतात. परीक्षेमुळं मी एका येळवशीला घरी थांबले होते. दुपारी खिडकीतून पाहिलं, तर काका त्या अक्षरं नसलेल्या लिंबाखाली बसून डब्यातली भज्जी खात होते. बुंध्याशी त्यांनी कडब्याच्या चार काड्या उभ्या केल्या होत्या. मी खिडकी लावून घेतली आणि कुणाला काही बोलले नाही.

मागच्या वर्षी बागेच्या फाटकावर वीज कंपनीचा कागद चिकटला. नवी लाइन बागेतून जाणार, त्यासाठी भिंतीकडची झाडं काढणार. कॉलनी पेटून उठली. वीज कंपनीच्या साहेबांशी बोलायला काकांनी माझी नेमणूक केली. "तू इंग्लिश मीडियमची. इंग्रजीत बोललं की साहेब हातातला फोन खाली ठेवतो." मी रात्रभर वाक्यं पाठ केली. साहेब कोकणातून नवीनच बदलून आले होते. मी "गुड आफ्टरनून सर" म्हणाले. ते "बसा ना ताई" म्हणाले. माझी सगळी तयारी इंग्रजीतली होती, त्यामुळं मी पाणी पिऊन परत आले. काकांनी गच्चीतून चर्चेची पहिली फेरी समाधानकारक झाल्याचं जाहीर केलं.

मग तुळजापूरखाली बैठक झाली. कुणी झाडाला मिठी मारणार होतं, कुणी गाडीपुढं आडवं पडणार होतं. एवढ्यात कुणीतरी कागदावरची तारीख मोठ्यानं वाचली. त्या दिवशी येळवस होती. नव्या साहेबांना ते माहीत असणं शक्य नव्हतं. आडवं पडायला निघालेले लोक हळूहळू उभे राहू लागले.

"तुम्ही सगळे जा," काका म्हणाले. "मी हाय."

"तुम्ही तर आमच्या मागल्या गल्लीतल्या मास्तरांच्या शेतात जाता ना?" बाबांनी विचारलं.

"माझ्या?" मास्तर म्हणाले. "मला तर म्हणले, समोरच्या काकूंच्या शेतात."

"मेल्यानं मला तुमचं नाव सांगितलं," समोरच्या काकू बाबांना म्हणाल्या. "दरवर्षी सांगतोय. आन म्या दरवर्षी ताट काढून ठिवून परत झाकते."

काका मूठ तोंडापाशी नेऊन थांबले. माझ्या आठवणीत घोषणा अर्धवट राहिली ती तेव्हाच.

येळवशीला मी आजारी असल्याचं सांगून मागं राहिले. सकाळी साहेब जीपमधून उतरले. त्यांच्याबरोबर कुणीच नव्हतं. करवतवाला, दोरवाले, ट्रकवाला, सगळे आपापल्या शेतात गेले होते आणि फोन कुणी उचलत नव्हतं. साहेब उन्हात उभे राहून पुन्हा पुन्हा फोन लावत होते. काकांनी थोडा वेळ पाहिलं, मग मूठ वर केली. "झाडं तोडणारी गाडी आज धावणार नाही. प्रवाशांनी सावलीत बसून जेवून घ्यावं."

साहेबांनी भज्जी चाटून पुसून खाल्ली. आंबिलीचा तिसरा पेला घेताना ते लाइन कुठून कशी जाणार हे काडीनं मातीत काढून दाखवू लागले. लाइन भिंतीच्या पलीकडून वळवता येईल, वरून मंजुरी मिळवतो, म्हणाले. पण वळणावर खांब लागतो आणि खांबाला एक झाड द्यावं लागेल. भिंतीच्या या टोकाचं किंवा त्या टोकाचं. म्हणजे भूम, नाहीतर जिच्याखाली आम्ही बसलो होतो ती. कॉलनीला विचारून सांगा, म्हणून ते झाडाला टेकले आणि तिथंच झोपले.

संध्याकाळी माणसं शेतातून परतली. प्रत्येकाच्या हातात काकांसाठी डबा होता. काकांनी साहेबांचं म्हणणं सांगितलं, नेहमीच्या स्थानकी आवाजात, आणि शेवटी साध्या आवाजात म्हणाले, "ही शेवटची काढा. ती गाडी तशीबी बंदच हाय."

कुणी हरकत घेतली नाही. भूमसाठी भांडावं लागलं असतं, कोऱ्या पाटीसाठी कोण भांडणार? चला, मिटलं, असं म्हणून लोक डबे उघडू लागले. मी चार माणसांत बोलत नाही. तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही.

"ते काकांचं शेत आहे," मी म्हणाले.

डब्यांचा आवाज थांबला. बुंध्याशी सकाळच्या कडब्याच्या काड्या अजून उभ्या होत्या आणि सगळे त्यांच्याकडंच बघत होते. काका घड्याळ बघत होते.

"भूमचं काढा," समोरच्या काकू म्हणाल्या.

"अहो, तुमचं माहेर..." बाबा म्हणाले.

"माहेराला काय झालंय? भूमला जायला गाड्या हायत की. स्टँडवर गेलं की बसले. ह्यांना न्हाय गाडी." मग काकांकडं वळून म्हणाल्या, "आन उद्यापासून दुपारी तोंड बंद."

लिंब पडला त्या दिवशी काकांनी गच्चीतून सांगितलं, की भूमकडे जाणारी गाडी सुटलेली आहे. तेवढंच. काकू त्या दुपारी झोपल्या नाहीत. आता तिथं लोखंडी खांब आहे आणि त्याला काथ्यानं भूमची पाटी बांधलेली आहे. सावली नाही, तरी संध्याकाळी ऊन उतरलं की काकू तिथंच बसतात. भंगारवाल्याची घोषणा हल्ली चार वाजता होते.

परवा मी त्या शेवटच्या लिंबाकडं गेले. पाटी पुन्हा रंगवावी, मी रंगवून देते, असं सांगायचं मनात होतं. काका बाकावर बसले होते. नेहमीप्रमाणं मला ते सांगता आलं नाही. मी एवढंच विचारलं, की ही गाडी केव्हा लागते.

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग भिंतीपलीकडं रस्त्याकडं पाहिलं. मूठ वर नेली नाही.

"जरा लेट हाय," म्हणाले, आणि सरकून मला जागा केली.