उसने मासे

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली तेव्हा सांगायचं राहून गेलं, असं म्हणणार होतो — पण राहून वगैरे गेलं नाही, मी दडवून ठेवलं. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

सत्तर साल असावं. नेवाशाकडच्या आमच्या गावच्या तळ्यात मासे पाळायची सोसायटी आम्ही काढली होती. मी सेक्रेटरी — म्हणजे चार बुकं शिकलेला आणि त्याहून जास्त बोलणारा. रोहू-कटल्याचं बीज आणलं आणि मत्स्यखात्यानं सांगितलं होतं त्याच्या चौपट तळ्यात ओतलं. जास्त बीज, जास्त मासे — सरळच नाही का? सगळे शेतकरी आम्ही. बाजरी दाट उगवली की कणसं बारीक होतात, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण माशाला तोच न्याय लावायचं एकालाही सुचलं नाही. वर्षानं जाळं ओढलं, तर सगळे बोटाएवढे.

आणि नेमकी तेव्हाच पाहणी ठरली. खात्याचे साहेब येणार, आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं आमचं तळं बघून शिकणार. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर लोक हसले असते. तेवढंही मला नको होतं. आदल्या दिवशी प्रवरेच्या डोहातले मोठाले मासे मी पिंपांतून आणवले आणि तळ्याच्या एका कोपऱ्यात जाळ्याआड सोडले. पिंपं वाहणारे दोघेही आता हयात नाहीत. पाहणीला तिथंच जाळं टाकलं. हातभर रोहू उड्या मारायला लागले, टाळ्या पडल्या. बीज किती सोडलं होतं, असं कुणीतरी विचारलं. मी चौपट आकडा सांगितला — दिवसभरात तेवढंच काय ते खरं बोललो.

त्या गर्दीत माझे दाजी होते. धाकट्या बहिणीचे यजमान, पारनेरकडचे. परत जाऊन त्यांच्या गावानंही तळं घेतलं, आमच्याइतकंच बीज ओतलं आणि राखणीला दाजींना बसवलं. वर्षानं जाळं ओढलं. सगळे बोटाएवढे.

आता तुम्हीच सांगा, गावानं काय समजावं? आमच्याकडचे हातभर मासे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. मग यांचे गेले कुठं? राखणदारानं मोठे विकले, बारके ठेवले — झालं! दाजींना चावडीपुढं उभं केलं. बहिणीला पाणवठ्यावर बायका बोलेनात.

दाजी माझ्याकडं आले. पुढ्यातल्या भाकरीला हात लावला नाही.

"पाव्हणं, एकडाव गावात येऊन सांगा, मासं कवा कवा वाढत न्हाईत म्हनून. तुमचं ऐकत्याल लोक. म्या एक बी मासा इकला न्हाई हो."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "दाजी, आमचे तर वाढले."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "व्हय. म्या बघितलं हुतं की," म्हणाले आणि उठले.

त्यांनी गाव सोडलं. श्रीरामपूरला हमाली धरली आणि मरेपर्यंत तीच केली. मी? दुष्काळात आटलेलं आमचं तळं पुन्हा भरलं, तेव्हा मी बीज विरळ सोडलं. मासे खरोखरच वाढले. मग लोक मला विचारायला यायला लागले, माझी भाषणं व्हायला लागली. "एका तळ्यात बीज दाट पडलं होतं," असा दाखला मी दर भाषणात द्यायचो. कुणाचं तळं, हे मात्र सांगत नव्हतो. आणि मासेचोर हे नाव दाजींना श्रीरामपूरपर्यंत चिकटलं होतं, हे मला ठाऊक होतं. लाज वाटायची का? वाटायची. लाजेनं कुणाचं पोट भरत नाही.

दाजी गेले. दहावा त्यांच्याच गावच्या घाटावर केला, पण पिंडाला कावळा शिवेना. भावकीतला एकेक जण पुढं होऊन बोलला — पोरीचं लग्न करू, घर सांभाळू. कावळा फांदीवरून हलेना. बहीण माझ्याकडं वळली. "दादा, तू बोल. तुझ्यावर लई जीव हुता त्यांचा."

त्यांना काय ऐकायचं होतं, ते त्या घाटावर एकट्या मला ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि त्यांच्या गावची सगळी माणसं समोर उभी होती.

मी हात जोडले आणि म्हणालो, "पोरांकडं मी बघीन."

कावळा आला नाही. ऊन चढलं, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि आम्ही जेवायला उठलो.