नवरीच्या मामाची दुसरी टोपी

बाबा लातूरच्या डाळमिलमध्ये पोती उचलायचे. त्यांच्या पाठीनं जवाब दिला, तशी आई तिथंच डाळ निवडायला लागली. संध्याकाळी घरी आली की हाताची बोटं मिटायची न्हाईत, तर भाकरी मी थापायची. अशा घरातून मी बीएस्सीला गेले आणि डिस्क्रीट मॅथ्समध्ये दोनदा नापास झाले. तर्क कसाबसा जमायचा, संच जमायचे, फलन, म्हणजे फंक्शन, आलं की डोकं बंद. आईनं साफ सांगितलं होतं, "आता परत नापास झालीस तर मिलमध्ये माझ्या शेजारी बसायचं."

तिसऱ्यांदा तोच पेपर द्यायच्या दोन दिवस आधी नांदेडला मामाच्या पोरीचं लग्न निघालं. मी वही घेऊनच एसटीत बसले.

पाहुण्यांना मानाची टॉवेल-टोपी द्यायचं काम मामानं माझ्या गळ्यात घातलं. याद्या आईनं तोंडी सांगितल्या, मी लिहिल्या. आईला अक्षर येत न्हाई, पण नाती सगळी पाठ. नवरीकडचे चाळीस, नवरदेवाकडचे पस्तीस. बघते तर सहा माणसं दोन्हीकडं. मला कोण आनंद झाला. छेदसंच सापडला की. चाळीस अधिक पस्तीस, वजा सहा. एकोणसत्तर टोप्या आणल्या आणि गुपचूप सहा नावं खोडली.

मांडवात वाटप सुरू झालं. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी टोपी डोक्यावर चढवली आणि तसेच उभे राहिले.

"पोरी, ही कोणत्या नात्याची?"

"आजोबा, तुमचीच की."

"मी नवरीचा मामा हाव अन् नवरदेवाचा मावसा. ही मामाची झाली. मावशाची कुठंय?"

"माणूस एक, टोपी एक," मी वहीतलं ठोकून दिलं.

"मग मावसा काय बोडकाच जेवणार?"

बाकीचे पाच जणही त्यांच्या मागं येऊन उभे राहिले. माझ्या मामाचा चेहरा पडला. आईनं मला दंडाला धरून ऑटोत कोंबलं आणि आम्ही बाजाराकडं निघालो.

"ती सहा नावं मी दोनदा सांगितली होती, ती उगंच का?" आई म्हणाली. "टोपी माणसाला न्हाई देत, नात्याला देतात. प्रत्येक नात्याला एक. मग दोन नाती एका डोक्यावर गेली तर जाऊ द्यावीत."

मी मनातल्या मनात मांडून बघितलं. प्रत्येक नात्याला एकच माणूस. दोन नात्यांना तोच माणूस चालतो. पंचाहत्तर नाती, एकोणसत्तर माणसं, सुटलेला एकही न्हाई. मी सुरुवातच चुकीच्या संचापासून करत होते, मांडवातही आणि वहीतही. मला हसू फुटलं, ते थांबेना.

"काय झालं? काय हसून राहिलीस?"

"आई, हे फलन हाय."

"असंल. सहा टोप्या घे आधी."

दुकानदारासमोर हसले, परत येताना हसले. मावशाची टोपी देताना तर इतकी हसले की म्हातारबाबा दोन्ही टोप्या एकावर एक घालून स्वतःच हसायला लागले. जेवायलाही तसेच बसले. आई मामाला म्हणाली, "अभ्यासानं पोरगी हलली."

पेपरात प्रश्न आला: एकास-एक नसलेल्या, पण दुसऱ्या संचातलं कोणीच न सोडणाऱ्या फलनाचं उदाहरण द्या. मी डावीकडं नाती लिहिली, उजवीकडं माणसं. मामा आणि मावसा, दोघांचे बाण एकाच माणसावर नेले. बाणाच्या टोकाशी टोपी काढायचा मोह लई कष्टानं आवरला.

त्या पेपरात मी पास झाले. पुढं बीएस्सी पूर्ण झालं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.