माहेराची सही

कापणीला आलेल्या भाताचा वास तुम्ही कधी डोळे मिटून घेतला आहे का? भिवपुरीहून आमच्या गावाकडे वळलं, की आश्विनातल्या सकाळी तो उबदार, किंचित दुधाळ गंध धुक्यातून तरंगत येतो आणि मन अर्धं झोपेत, अर्धं जागेपणी विहरू लागतं. अशा वेळी वाटतं, या सुवर्णमय शिवाराला मालक हवाच कशाला! वारा काही सातबारा पाहून वाहत नाही. माणसाला मात्र पाहावा लागतो.

यंदा अशाच एका स्वप्नाळू सकाळी बाबांनी मृत्युपत्र करायचं मनावर घेतलं. केवढा अमंगळ शब्द! आई तर तो ऐकून देवघरातच जाऊन बसली. पण बाबांना घोर होता तो स्वतःच्या मरणाचा नव्हे, आत्याचा. त्यांची ही धाकटी बहीण, मूलबाळ नसलेली, वैधव्य आल्यावर माहेरी परतली आणि तेव्हापासून घराच्या मागच्या खोलीत राहते. लग्न झाल्यावर लगेचच, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, हक्कसोडपत्रावर सही करून तिने आपला वाटा भावाला देऊन टाकलेला. आता चहूकडे फार्महाऊसं उगवताहेत. आपल्या मागे कुणी हे घर विकलं, तर तिने जायचं कुठे? म्हणून ती खोली तिच्या हयातीपर्यंत तिचीच, असं त्यांना लिहून ठेवायचं होतं.

आणि आत्याच नको म्हणत होती! “नाव लागलं की मी भागीदार झाले, दादा. मग बहीण कुठं राहिले?”

किती विलक्षण असतं हे बाईचं माहेर! भाऊबीजेची एक साडी, निघताना ओटीत पडणारे मूठभर तांदूळ, अंगणातून आलेली ‘आलीस का गं’ ही हाक. एवढ्यासाठी ती जन्माचा आधार हसत हसत सोडून देते आणि त्यालाच माया म्हणते. मीही म्हणतच होते की! बाबांच्या मृत्युपत्राबरोबर माझंही हक्कसोडपत्र तयार होतं. माझा भाऊ नितीन स्वभावाने सोन्यासारखा. त्याच्याशी कसल्या वाटण्या करायच्या?

कर्जतला वकीलबाईंच्या ऑफिसात बाबा, आत्या, नितीन आणि मी बसलो होतो; पंखा संथ फिरत होता. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या आणि त्या पाहता पाहता, तंद्रीतच, मी पेन हातात घेतलं. तेवढ्यात आत्याने माझं मनगट धरलं.

“थांब गं.” मग ती बाबांकडे वळली. “दादा, लिव माझं नाव. पन हिची सही घ्यायची नाय.”

बाबा गोंधळले. “अगं, तू तर खुशीनं केली होतीस.”

“मला कुनी इचारलंच नव्हतं. पुढ्यात ताट वाढलेलं, बाजूला कागद ठेवलेला. सगळी बघत होती. केली.”

मला एकदम रडू आलं. नितीनने माझ्यासमोरचा कागद उचलला आणि वकीलबाईंकडे परत दिला. मग इतक्या वर्षांनी, सगळ्यांदेखत, बाबांनी आत्याला विचारलं, “तुला काय पायजे गं?”

आत्या चाचरली. मग हळूच म्हणाली, “पुढची खोली. मागं लई अंधार हाय.”

वकीलबाईंनी ‘मागची’ खोडून ‘पुढची’ लिहिलं.