ड्रायरचा माल आणि पोराची सही

साल १९८६. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत, कापडाचा रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रायरवर होतो. शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं लिहिणं ड्रमांवर बॅच नंबर टाकून टाकून शिकलो. अक्षर वाकडं असेल तर असू दे, ज्याला वाचायचं तो वाचील.

ड्रायर म्हणजे भिंतीएवढं लोखंडी कपाट. ओला रंग ट्रेमध्ये पसरून आत ठेवायचा, वाफ सोडायची, आणि सुकला की काढून ड्रम भरायचे. सांगायला सोपं. पण सुकला कधी, ते कळणं सोपं नाही. वरून भुकटी दिसते आणि आत ओल असते. मी ट्रेमध्ये बोटं खुपसून चिमूटभर काढायचो, अंगठ्यावर चोळायचो आणि सांगायचो. लॅबमध्ये ओल तपासायचा नियम होता, पण तो वहीपुरता. लॅबवाला वरूनच ओरडून विचारायचा, काका, झाला का? मी झाला म्हटलं की तो वहीत पास लिहून सही ठोकायचा. सोळा वर्षं असं चाललं आणि एकही ड्रम परत आला नाही. प्लांटचे मुख्य होते ते केमिस्ट साहेब. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना माझ्यापाशी आणायचे आणि सांगायचे, हे आमचं मीटर. तिसरी शिकलेल्या माणसाला याच्यापेक्षा मोठी पदवी काय पाहिजे!

माझा मोठा मुलगा बारावी झाला तेव्हा मी त्याला सांगितलं, बस झालं, आता ड्रायरवर ये, मी शिकवतो. तो म्हणाला, बीएस्सी करणार. मी म्हटलं, कर, माझ्याकडून पैसा मिळणार नाही. नव्हता असं नाही. मला न विचारता त्यानं फॉर्म भरला होता, त्याचा राग. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही.

पोरगं माझ्याच वळणाचं. सकाळी उल्हासनगरला कॉलेज, आणि दुपारी दोनपासून पार्ट टाइम नोकरी. ती शोधली कुठे, तर आमच्याच कंपनीच्या लॅबमध्ये. जुना लॅबवाला गावी निघून गेला होता. हा गेटवर अर्ज देऊन आला, आणि मला कळलं ते साहेबांच्या तोंडून. फी, रेल्वेचा पास, वह्या, अंगावरचा पांढरा कोट, सगळं त्या नोकरीवर होतं. ती गेली तर कॉलेज गेलं. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

पहिल्याच आठवड्यात त्यानं माझा माल नापास केला. वरून ओरडून विचारलं नाही. स्वतः खाली आला, तीन ट्रेमधून नमुना घेतला, वर जाऊन तोलला, तापवला, परत तोलला, आणि चिठ्ठी पाठवली की ओल जास्त आहे, अजून दोन तास ठेवा. माझे दोन हेल्पर होते. एक म्हणाला, "काका, घरी कोण कुणाला नापास करतं?" दुसरा म्हणाला, "घरी काकू दोघांना करते." हसले. मीही हसलो. आणि ट्रे आत ढकलून दोन तासांच्या जागी तीन तास ठेवले.

मग ते रोजचंच झालं. चार बॅचमागे एक तरी नापासाची चिठ्ठी यायची. त्या वर्षी रंगात मीठ जास्त पडत होतं. मीठवाला रंग हाताला कोरडा लागतो आणि पोटात ओल धरून ठेवतो. हे मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की इतकी वर्षं माझ्या अंगठ्यावर चालणारा ड्रायर आता काल मिशी फुटलेल्या पोराच्या तराजूवर चालतोय, आणि ते पोरगं माझं आहे. हेल्परसुद्धा आता माल काढायच्या आधी माझ्याकडे न बघता जिन्याकडे बघायचे.

एक दिवस साहेब रजेवर होते. संध्याकाळी पाचला उल्हासनगरच्या गिऱ्हाइकाचा टेम्पो येऊन उभा राहिला. शेटचा स्वतःचा रंगाईचा कारखाना, माल त्याला आजच पाहिजे होता. मी चिमूट चोळून बघितली. कोरडी ठक्क. वरून चिठ्ठी आली, अजून दीड तास. टेम्पोवाला कोणाला तरी म्हणाला, इधर बाप का नहीं चलता क्या. मी जिना चढून लॅबमध्ये गेलो आणि दार लोटलं.

"सही कर."

"बाबा, ओल आहे अजून. मी दोनदा बघितलं."

"मी सोळा वर्षं बघतोय."

"तुमचं बरोबर असेल. पण वहीत नाव माझं जातं."

"आणि तुझ्या नावापुढं नाव कुणाचं लावतोस?"

 त्यानं वही ओढली, पास लिहिलं, सही केली. मी खाली येऊन हेल्परांना मोठ्यानं सांगितलं, पास.

आठदहा दिवसांनी शेट स्वतः आला, टेम्पोत ड्रम घालून. झाकण उघडून त्यानं आतल्या रंगावर काठी आपटली. टणटण वाजलं, आत राहिलेल्या ओलीनं भुकटीचा दगड झाला होता. "ये रंग भेजा है के पत्थर? साथ में हथौड़ा भी भेजना था ना, साईं."

साहेबांनी वही घेऊन आम्हाला सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं. पोरगं टेबलाशी उभं, मी त्याच्यापासून दोन हातांवर, मागं हेल्पर. साहेबांनी त्याला विचारलं, टेस्ट केली होतीस की नुसती सही?

"केली होती साहेब. वजन घेताना माझी चूक झाली."

माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. हेल्पर मात्र बघत होते, त्यांना सगळं माहीत होतं. माझ्या मनात वाक्य तयार होतं, चार शब्दांचं. तोंडातून निघालं नाही. मी वहीकडे बघत उभा राहिलो. साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुमच्याकडे बघून घेतला होता, वाईट वाटून घेऊ नका. आणि सगळ्यांदेखत ऑर्डर दिली की यापुढे काकांना विचारल्याशिवाय ड्रायरचा माल पास व्हायचा नाही.

मला पाहिजे होतं ते मला असं मिळालं.

घरी त्यानं कोट स्वतः धुतला आणि वाळत घातला. आईनं विचारलं तर म्हणाला, पार्ट टाइमची जागा बंद केली कंपनीनं. जेवताना म्हणाला, कॉलेज सोडतो, फीची तारीख आलीय आणि दुसरं काम लगेच मिळायचं नाही. बायकोनं वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. मी भरतो, एवढंच म्हणायचं होतं. पण आधी देत नव्हतो, मग आता का देतो, ते सांगावं लागलं असतं. मी भाकरी मागितली.

बीएस्सी त्यानं पुढे कधी केली नाही. आज बदलापूरला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, घर आहे. सणाला येतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. लोक म्हणतात, नशीब काढलंत. त्या सहीचा विषय त्यानं कधी काढला नाही, मी पण नाही. आज लिहितोय ते त्याच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली म्हणून. तिला हे वाचून दाखवायची वेळ आली असती तर लिहिलं नसतं.

त्याला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठायच्या आत मी घर सोडलं होतं. रस्ताभर वाक्य घोकत गेलो, साहेब, सही मी करायला लावली. आठला साहेब आले, तसा मी त्यांच्या केबिनच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला आत घेतलं आणि खुर्ची पुढं केली. सोळा वर्षांत त्या केबिनमध्ये मी कधी बसलो नव्हतो. बसलो.

"बोला काका."

"साहेब," मी म्हटलं, "पोराला ड्रायरवर हेल्पर म्हणून घ्या."

ते म्हणाले, तुमच्या हाताखाली म्हटल्यावर प्रश्नच नाही, सोमवारपासून पाठवा. मी उठून हात जोडले, आणि खाली जाऊन ट्रे ओढायला लागलो.