घर बघायला आलेल्यांना हॉटेलात नेलं

लातूरच्या आमच्या बाजूला, म्हणजे गाव संपून कॉलन्या सुरू होतात तिकडे, बायकापोरांना घेऊन जेवायला जाण्यासारखी हॉटेलं दोन-तीनच. सगळ्यांच्या पाटीवर 'फॅमिली' हा शब्द हॉटेलच्या नावापेक्षा मोठा रंगवलेला. त्याचा अर्थ एवढाच की आत दारू मिळणार नाही, बायकांना बसायला पडद्याची केबिन आहे आणि पोरांनी पळापळ केली तर मालक डोळे वटारणार नाही. आमच्या घराजवळच्या हॉटेलात घसरगुंडी होती, झोका होता आणि हिरवळ होती, म्हणून कॉलनीत त्याचा मान पहिला. ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी रेल्वे यायच्या आधीच ती हिरवळ जळून गेली. मालकाने तिथे हिरवी प्लास्टिकची चटई अंथरली. लांबून बरी दिसायची, बसलं की पायाला टोचायची.

त्या चटईवरच्या टेबलाशी माझ्या भावाचं लग्न जमता जमता राहिलं.

भाऊ माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी जन्मला, म्हणून बाबा त्याला 'जिल्ह्याचा जुळा' म्हणायचे. बाबा मूळचे अहमदपूरकडचे. नव्या जिल्ह्याची नवी कचेरी उघडली तेव्हा कारकून म्हणून इथे आले आणि गावाबाहेर प्लॉट घेऊन बसले. तेव्हा कॉलनी म्हणजे काळी माती आणि बाभळी. रस्ता नाही, दिवे नाहीत. माय लांबच्या हापशावरून डोक्यावर पाणी आणायची आणि घरात आल्यावर घागर जरा जोरातच खाली ठेवायची. बाबांचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं, "जिल्ह्याचं ठिकान हाय. पानी येनारच."

आम्ही बौद्ध. बाबांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात आमच्या माणसांचा कप वेगळा, बाहेर कोनाड्यात पालथा घातलेला. चहा वरून ओतायचे, पाणीही वरूनच ओंजळीत. लातूरला आल्यावर पगाराच्या रविवारी बाबा आम्हाला हॉटेलात न्यायचे आणि बरोबर मधलं टेबल धरायचे. "फॅमिलीसाठी तिकडं केबिन हाय," असं वेटर म्हणाला की बाबा म्हणायचे, "इथं बी फॅमिलीच बसलीय." वेटरने ग्लास आणून ठेवले की ते लगेच पीत नसत. जरा वेळ ग्लासाकडे बघत बसायचे. मला तेव्हा भूक लागलेली असायची आणि बाबांचा राग यायचा. मोठी झाल्यावर मला ते कळलं, पण तेव्हा कुणी समजावून सांगितलं नाही.

तर भावाचं लग्न. मुलगा निर्व्यसनी, खासगी कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला, घर स्वतःचं. पाच-सहा वर्षांपूर्वी असं स्थळ हातोहात गेलं असतं. तेव्हा बाबांनीच नाकं मुरडली, ही सावळी, ती बुटकी. मग दुष्काळ एकावर एक आले आणि नाकं मुरडायची पाळी पाहुण्यांवर आली. लातूर म्हटलं की लोक आधी पाण्याचं विचारायचे, पगाराचं नंतर. एका मध्यस्थाने तर फोनवर सरळ सांगितलं, की पोरगी द्यायची म्हणजे टँकरमागं पळायला द्यायची का? बाबांनी फोन आपटला. भाऊ दाढी करत होता, त्याने निम्मी दाढी तशीच ठेवून तोंड पुसलं.

मग नांदेडचं स्थळ आलं. आम्ही मुलगी बघायला गेलो, मी गावातच दिलेली म्हणून मीही. साधं घर, अंगणात कढीपत्त्याचं झाड. मुलीने स्टीलच्या ग्लासांत पाणी आणलं, आणि नंतर तेच ग्लास अंगणातल्या नळाखाली धुवायला बसली. नळ सोडलेला, पाणी धो धो. माझा भाऊ मुलीकडे बघायचं सोडून नळाकडे बघत होता. तिच्या ते लक्षात आलं. ती हसली आणि म्हणाली, "एक दिवसाआडच येतंय हो, रोज न्हाई." भाऊ इतका लाजला की घरी येईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघून एकटाच हसत होता. त्याला तसं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं. मनात म्हटलं, आता जमलं पाहिजे.

मुलगी पसंत होती, मुलगाही त्यांना बरा वाटला. आता त्यांनी घर बघायला यायचं होतं. आणि घराच्या नळाला पाणी येऊन महिना उलटून गेला होता. प्यायला विकतचा जार आणता येत होता. पण मायला भलतीच काळजी पडली. "पाच-सहा मानसं तीन तास गाडीत बसून येतील," ती म्हणाली. "आल्या आल्या संडासला जातील. तिथं काय द्यायचं, जार?"

बाबांनी तोड काढली. आधी पाहुण्यांना हॉटेलात न्यायचं, तिथे जेवणखाण आणि बाकीचंही सगळं उरकेल, मग घर उभ्या उभ्या दाखवायचं.

"घर बघाया आलेल्याला हाटेलात कोन नेतं?" माय म्हणाली. "म्हनतील, काय तरी लपवून राहिले."

"लपवायचंच हाय की," बाबा म्हणाले. मायकडेही दुसरा इलाज नव्हता.

दुष्काळात हॉटेलं ओस पडत असतील असं बाहेरच्याला वाटेल. इथे उलटं होतं. घरी रांधलं तर भांडी कशाने घासायची, म्हणून ज्यांना परवडायचं ते हॉटेलात यायचे. हॉटेलवाल्यांनीही युक्ती शोधली होती. ताटावर प्लास्टिकचा पातळ कागद लावून त्यावर वाढायचं, जेवण झालं की कागद गुंडाळून फेकायचा आणि ताट तसंच पुढच्या गिऱ्हाइकाला. त्या दुपारी आमच्या पलीकडच्या टेबलाशीही कुणाचं तरी बघणं चालू होतं. तिकडचा नवरा मुलगाही कडक इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या शेवभाजीकडे बघत होता. लातूरभर असेच घर लपवणारे बाप असतील, असं मला वाटून गेलं आणि हसूही आलं, पण ते फार टिकलं नाही.

पाहुणे आले. मुलीचे आईवडील, मामा आणि दोन-तीन भावकीतली माणसं. बाबांनी मधलंच टेबल धरून ठेवलं होतं, दोन टेबलं जोडून. सगळे बसल्यावर बाबांनी सवयीने वेटरला हात केला, "पाव्हन्यांना आधी पानी आना."

"ग्लास बंद हायेत काका. बाटली सांगा."

बाबांनी सगळ्यांसाठी बाटल्या मागवल्या. एकेकीचं झाकण स्वतः फोडून ती पाहुण्यांपुढे ठेवायला उठले. पहिली बाटली त्यांनी मुलीच्या मामापुढे केली, तर मामांनी पिशवीतून आपलीच बाटली काढली. "र्‍हाऊ द्या की पाव्हनं. तुमच्याकडं तंगी हाय म्हनून आमी घरूनच आनलंय." बाकीच्यांनीही आपापल्या बाटल्या काढल्या. मनाने चांगली माणसं ती. आपल्यामुळे यजमानाला भुर्दंड नको, एवढाच त्यांचा विचार. पण बाबा हातात बाटली धरून उभे राहिले. आपलं पाणी समोरचा पीत नाही याचा बाबांच्या आयुष्यात एकच अर्थ होता. पाहुणे आपल्यातलेच होते, त्यांच्या मनात तसलं काही असणं शक्यच नव्हतं, हे बाबांनाही कळत होतं. तरी त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. जेवण होईपर्यंत ते फक्त "घ्या, घ्या" म्हणत राहिले.

भाऊ मात्र छान बोलत होता. मामांनी कॉलेजचं विचारलं, तर त्याने मुलं प्रयोगात काय काय फोडतात ते सांगून सगळ्यांना हसवलं. मुलीचे वडील त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरगं मोकळं हाय." मायने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत आशा होती, मी स्वतः पाहिली. महिनाभर ती याच दिवसाची वाट बघत होती. भावाच्या बायकोसाठी घेतलेलं हिरवं लुगडं तिने पेटीत वरतीच ठेवलं होतं.

जेवण झाल्यावर हात धुवायला मुलीची आई, माय आणि मी मागच्या बाजूला गेलो. बेसिनच्या नळांवर फडकी बांधलेली होती. शेजारी झाकणाचा ड्रम, त्यात प्लास्टिकचा एक लहान मग. मुलीच्या आईने मगात पाणी घेतलं, बोटं भिजवली आणि उरलेलं मायच्या हातावर घातलं. मायने तेच खाली न सांडू देता माझ्या हातावर सोडलं. तिघींचे हात एका मगात धुऊन झाले. मग मुलीच्या आईने पदराला हात पुसत विचारलं, "अक्का, एक इचारू का? खरं सांगा."

"इचारा की."

"ही तुमची लेक गावातच दिलीय न्हवं?"

"व्हय."

"आज द्यायची असती, तर दिली असती का इथं?"

मी मायकडे बघितलं. उत्तर सोपं होतं. 'का न्हाई? दोन-तीन महिन्यांचं तर हाय, पाऊस पडला की सगळं ठीक व्हतंय,' एवढं म्हणायचं होतं. सगळेच तसं म्हणत होते, पेपरातही तेच येत होतं. मायने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने ड्रमचं झाकण नीट बसवलं आणि म्हणाली, "न्हाई. नसती दिली."

मुलीच्या आईने मायचा हात धरला, जरा वेळ धरून ठेवला आणि सोडला.

नंतर पाहुण्यांनी घरही बघितलं. बाबांनी त्यांना गच्चीवर नेऊन मोठी टाकी दाखवली. कुणी झाकण उघडून बघितलं नाही, एवढं सौजन्य त्यांनी पाळलं. चहा नको म्हणाले. भाऊ त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी हात हलवत राहिला.

चौथ्या-पाचव्या दिवशी मामांचा फोन आला. पोरगी अजून शिकायचं म्हणतेय, तुमचा मुलगा लाखात एक आहे, वगैरे. बाबांनी सगळा दोष हॉटेलवर ढकलला. पनीर शिळं होतं, वेटर उर्मट होता, त्या चटईवर पाहुण्यांना बसवायलाच नको होतं. भावाने एकदाच मला विचारलं, "ताई, मी काई जास्त बोललो का गं?" मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं.

मी मायला गाठलं. ती स्वयंपाकघरात ओल्या फडक्याने ताटं पुसत होती, त्या दिवसांत आम्ही ताटं धूत नव्हतोच. मला भयंकर संताप आला होता. "तुला गप्प बसता आलं नसतं का? आपल्याच लेकराचं वाटोळं केलंस," मी म्हणाले.

"तिनं खरं सांगा म्हनलं," माय म्हणाली.

"म्हणून काय झालं?"

"तुझ्या येळी मी बी तुझ्या सासूला असंच इचारलं व्हतं. पान्याचं कसं हाय, खरं सांगा म्हनलं व्हतं."

हे मला माझ्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सासू काय म्हणाली, ते मी विचारलं.

"म्हनली, नळ दारात हाय."

नळ खरोखरच दारात होता. त्याच्यापुढे बादली लावून मी किती पहाटा काढल्यात, ते मायला मी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तिला माहीत नाही. मी खालीच बसले.

बाहेरच्या खोलीत बाबांचा फोन चालू होता. उदगीरकडचं कुठलं तरी स्थळ होतं. या खेपेला पाहुण्यांना दुसऱ्या हॉटेलात नेऊ, तिथे एसी आहे, असं ते मध्यस्थाला मोठ्याने सांगत होते.

"त्यांनी इचारलं तर?" मी मायला विचारलं.

"तर तेच सांगीन," माय म्हणाली. ती रडत होती, आणि रडता रडता भावाचं ताट पुसत होती.