आप्पांच्या डाव्या पायाची नाडी

अंबाजोगाईत एका दैनिकाचा वार्ताहर होतो तेव्हा मी एका किराणा दुकानाच्या माडीवर भाड्याने राहत असे. खोलीतला दुसरा भाडेकरू मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. घरमालक आप्पा साठीचे, कपाळाला भस्म, दिवसभर गादीवर बसून. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दुकानात तेव्हा नुकत्याच लटकू लागल्या होत्या. त्या बाजूला सारल्याशिवाय गिऱ्हाइकाला आप्पा दिसत नसत.

विद्यार्थ्याला परीक्षेसाठी पायाची रचना जिवंत माणसावर शिकायची होती. माझ्या तळव्यांना गुदगुल्या होत, त्यामुळे मी बाद झालो. आप्पा म्हणाले, "आमचे पाय घ्या की डाक्टर. बसूनच असतो आमी."

एका रविवारी सकाळी त्याने आप्पांच्या दोन्ही पायांवर निळ्या बॉलपेनने नडगीचे हाड आखले, अंगठ्याकडे जाणारा स्नायूचा दोर आखला आणि त्या दोराशेजारी पावलाच्या पाठीवर बोट ठेवले. तिथे नाडी लागते. उजव्या पायावर लगेच लागली. डाव्यावर लागली नाही. त्याने बोट सरकवले, मग बोट बदलले.

"काय झालं?" आप्पांनी विचारले.

"या पायाची नाडी लागत नाही."

माहिती खरी होती. सांगण्याआधी ती तपासून घ्यायला हवी होती.

आप्पा डाव्या पायाकडे बघत म्हणाले, "पाय मेला म्हणा की."

त्या क्षणापासून ते चालेनात. डावा पाय लोडावर ठेवून त्यांनी दुकान चालवले. बातमी बाजारात गेली आणि येणारा प्रत्येक जण पायावर बोट ठेवू लागला. समोरचा कापडदुकानदार त्यांचा शाळासोबती होता. त्याने स्वतःच्या दोन्ही पायांच्या नाड्या विद्यार्थ्याकडून तपासून घेतल्या. दोन्ही सापडल्या. मग तो आप्पांचा पाय चाचपत म्हणाला, "थंडच लागतोय बे तुझा. गुडघ्यातून काढतेत म्हणं."

"तू गप बस बे."

आप्पांच्या बायकोला, काकूंना, यातले काही पटले नाही. "काल वरातीत लई नाचलात. तवा कुटं मेलता पाय?" असे म्हणून त्यांनी उलथन्याचे गरम टोक डाव्या अंगठ्याला लावले. आप्पा ओरडले. "जिता हाय," काकू म्हणाल्या.

विद्यार्थी म्हणाला, "काकू, चटका कळवणारी नस वेगळी आणि रक्ताची वेगळी."

आप्पांनी खाली घेतलेला पाय परत लोडावर ठेवला. रात्री ते जेवले नाहीत. पाय काढल्यावर धर्मापुरीच्या देवळाच्या पायऱ्या कशा चढायच्या, एवढेच त्यांनी मला विचारले.

सोमवारी विद्यार्थी सरांना विचारून आला आणि चपला न काढताच गादीवर चढला. काही माणसांत ती धमनी जन्मतःच बारीक असते किंवा नसते, रक्त दुसऱ्या वाटेने पोचते, असे सरांनी सांगितले होते. त्याने आतल्या घोट्याच्या मागे बोट ठेवले आणि मग आप्पांचे बोट तिथे नेले. नाडी ठणठणीत उडत होती.

"हे काल कावून न्हाई बघितलं?" आप्पांनी विचारले.

"घोट्यामागचं अजून शिकवलं नव्हतं."

पाच-सहा गिऱ्हाइके जमली होती. त्यांना आप्पा मोठ्याने म्हणाले, "फुडनं न्हाई आमची. मागनं जाती."

"तुझ्या साखरंवानीच की. ती बी मागल्या दारानंच जाती," कापडदुकानदार म्हणाला.

हसू ओसरेपर्यंत आप्पा उभे राहिले होते, दोन्ही पायांवर. मग गादीवरून उतरून, चपला घालून, ते रस्ता ओलांडून पळालेल्या कापडदुकानदाराच्या मागे धावले.