फवारणी पंपाचा चार्जर आणि गर्जे मॅडमची हार्ड डिस्क

गर्जे मॅडमनी पिशवीतून हार्ड डिस्क काढून काउंटरवर ठेवली. तिला करपल्यासारखा वास येत होता. मागोमाग त्यांचे सासरे, आबा, आत आले आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

"फिरतच नाही आता," मॅडम म्हणाल्या. "आबांनी फवारणी पंपाचा चार्जर लावला तिला."

"पिन बसली की बरोबर," आबा म्हणाले. "अन् बारा व्होल्ट लिवलं हुतं त्याच्यावर."

"पिन बसली म्हणून कुठंही खुपसायची का, आबा?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली. आदल्या संध्याकाळी दुकानातला फोन मीच उचलला होता.

मी नगरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर सलीमचाचांच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात काम करते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असेल, पण "मला माहीत नाही" असं म्हणायची मला लाज वाटते. अर्धवट माहीत असलेलं मी ठासून सांगून टाकते.

मॅडम पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात झेडपीच्या शाळेत शिकवतात. ऊसतोड सुरू झाली की त्यांचा अर्धा वर्ग आईबापांबरोबर कारखान्यावर जातो. म्हणून चार वर्षं त्यांनी आपले धडे मोबाईलवर शूट केले होते. दर हंगामाला ते मेमरी कार्डात भरून त्या एकेका घराला देत. सगळे व्हिडिओ घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर होते. कॉम्प्युटर बंद पडला. डिस्क चांगली होती. ती लॅपटॉपला जोडायची, एवढंच काम होतं. आणि टोळ्यांचे ट्रक परवा निघणार होते.

लॅपटॉपच्या यूएसबीतून पाच व्होल्ट मिळतात. लॅपटॉपची छोटी डिस्क तेवढ्यावर चालते. मोठ्या कॉम्प्युटरच्या डिस्कला बारा व्होल्टही लागतात. त्यासाठी डिस्क उभी खोचायचा एक डबा येतो, त्याला डॉक म्हणतात, आणि त्याचा वेगळा अडॅप्टर असतो. मॅडमनी आमच्याकडून डॉक नेला होता. घरी त्याचा अडॅप्टर चाललाच नाही, म्हणून आबांनी फोन केला. "बारा व्होल्टाचा दुसरा चालंल का, ताई?" मी म्हटलं, "चालेल ना, बारा असला की झालं."

कशाचा अडॅप्टर, हे मी विचारलं नाही.

मल्टिमीटर माझ्या हातातच होता. आबांकडे पाहिलं. ते माझं नाव घेणार नाहीत, हे कळत होतं. त्यामुळेच गप्प राहवेना.

"चाचा," मी आतल्या टेबलाशी बसलेल्या सलीमचाचांना म्हटलं, "आबांची चूक नाही. त्यांनी फोन केला होता. मीच हो म्हटलं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग सासऱ्यांकडे. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"शिकती पोरगी हाय," आबा म्हणाले. "मालकासमोर कशाला?"

चाचांनी मला रागावायच्या आधी चार्जर मागितला. आबांनी तो पिशवीत आणलाच होता. मीटर लावला. साडेचौदा.

"लिहिलंय ते बॅटरीचं," चाचा म्हणाले. "बाराची बॅटरी भरायची तर चार्जरला वरून ढकलावं लागतं. पाणी खालून वर चढतं का? तुझ्या घरी हा पंप नाही?"

"आहे."

"मग?"

"फवारणी आई करते."

"मग आईला दुकानात पाठव," चाचा म्हणाले.

त्यांनी डिस्क उलटी करून खालच्या हिरव्या पट्टीवर मीटर टेकवला. मीटर वाजला, म्हणजे तिथे शॉर्ट होता. तांदळाएवढा एक काळा तुकडा दाखवला. तो संरक्षणाचा डायोड. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः जळतो, पुढचं वाचवतो. पण जळाला की वीज तिथेच अडवून धरतो.

"म्हणजे व्हिडिओ?" मॅडमनी विचारलं.

"बाकी काही जळलं नसेल तर आहेत. हा काढून बघू." चाचांनी सोल्डरिंग गन माझ्यापुढे ठेवली. "तू काढ."

"मी?"

"फोन तू उचललास ना?"

मनगट टेबलावर दाबून धरलं. तुकडा निघाला. दुकानातला अडॅप्टर आधी मीटरवर तपासला, मग डॉकला लावला. डिस्कमधून बारीक घरघर सुरू झाली.

"गिरणी चालू झाली," आबा म्हणाले.

लॅपटॉपवर फोल्डर दिसले. मॅडमनी पहिलाच व्हिडिओ उघडला. त्यात त्या काड्या मोजत बेरीज शिकवत होत्या आणि मागे कोंबडी ओरडत होती. मॅडम हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

पण राखणदार डायोड गेलेल्या डिस्कवर पुन्हा भरवसा नको, असं चाचा म्हणाले. मॅडमच्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह होता, न वापरलेला. तो काढून त्या जागी एका चौकटीत बसवून नवी छोटी डिस्क घातली. तिला वीज लॅपटॉपमधूनच मिळते. अडॅप्टर नाही, पिन नाही. सगळं तिच्यावर कॉपी केलं. चाचांनी मजुरी घेतली नाही आणि मला दोन दिवस सोल्डरिंगला बसवलं. ती शिक्षा होती की शिकवणी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ट्रक निघायच्या आदल्या दुपारी कार्डं वाटून झाली. पुढच्या आठवड्यात मॅडमचा मेसेज आला. खाली एक फोटो होता. उसाच्या फडाजवळ, पाचटाने शाकारलेल्या कोपीपुढे तीन पोरं एका मोबाईलवर वाकलेली, आणि एकाच्या हातात काड्या.

दुकानातला फोन अजून मीच उचलते. कुणी अडॅप्टरचं विचारलं की व्होल्ट मी नंतर विचारते. आधी विचारते, "हा घरात कशाचा होता?"